पणाला काय लावावे?

द्यूताचा विषय निघाला की आपल्या समाजात दोनच प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक पक्ष द्यूतास व्यसनांच्या यादीत घालून मोकळा होतो. दुसरा पक्ष, विशेषतः अलीकडच्या काळात, अमुक खेळ बुद्धीचा की दैवाचा एवढ्याच गोष्टीवर तासन् तास वाद घालतो. पहिल्या पक्षाचे म्हणणे खरे असले तरी त्याने विचार पुढे सरकत नाही. आणि दुसऱ्याचा वाद कितीही मनोरंजक असला तरी तो, आमच्या मते, मूळ प्रश्नाच्या अंगणातही पाऊल टाकीत नाही. फासे कसे पडतात ह्यापेक्षा पटावर काय मांडले आहे, आणि ते मांडणाराचे होते काय, हा द्यूतातील नीतीचा खरा प्रश्न होय. हे मत स्पष्ट करण्यासाठी वाचकांस प्रथम एका परदेशी खेळाची थोडी ओळख करून द्यावी लागेल. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या अरण्यमय प्रदेशात बसून अमेरिकेतील पत्त्यांच्या डावाची चर्चा करणे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु मोबाईल फोनने वैनगंगेच्या दोन्ही काठांवर ज्या अनेक वस्तू आणून टाकल्या त्यांत हा खेळही आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी त्याचे नाव आम्ही वारंवार ऐकले आहे.

ह्या खेळाचे नाव पोकर. दिवाळीत आपल्याकडे घरोघर जी तीन पत्ती खेळतात ती ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्याचे मर्म समजण्यास अडचण पडू नये. येथेही पाने झाकलेली असतात; प्रत्येकजण आपल्या पानांच्या बळावर, अथवा बळाच्या सोंगावर, मधल्या राशीत पैसे टाकतो; समोरच्याची चाल झेपत नाही असे वाटले की पाने टाकून बाजूस होतो. पानांच्या वाटपावरून पोकरचे अनेक प्रकार होतात. होल्डेम नावाच्या प्रकारात प्रत्येकास दोन पाने गुप्त मिळतात व पाच पाने सर्वांकरिता मध्ये उघडी पडतात. ह्या सातांतून उत्तम पाच निवडावयाची. ओमाहा नावाच्या प्रकारात गुप्त पाने चार, पण त्यांतील नेमकी दोनच उपयोगात आणावयाची. स्टड म्हणून जो जुना प्रकार आहे त्यात प्रत्येकाची काही पाने उघडी व काही झाकलेली असतात. हे भेद खेळणारांच्या कुतूहलाचे आहेत, आणि आमच्या विषयास त्यांचा फारसा उपयोग नाही.

उपयोग आहे तो पैशाच्या मर्यादेवरून पडणाऱ्या भेदांचा. ते तीन आहेत. पहिल्यात चालीची रक्कम आधीच ठरलेली असते. कितीही उत्तम पाने आली तरी तिच्यापलीकडे जाता येत नाही. दुसऱ्यात त्या घटकेस मधल्या राशीत जितके जमले असेल तितक्यापर्यंत चाल वाढविता येते. ओमाहा बहुधा असाच खेळतात. तिसरा प्रकार अमर्याद. त्यात कोणत्याही चालीस आपल्यापुढे असलेले सर्व काही एकदम लोटता येते. लास व्हेगास येथे १९७० पासून ह्या खेळाची जी जागतिक स्पर्धा भरते तिचा मुख्य सामना अमर्याद होल्डेमचाच असतो. पाने तीच, क्रम तोच. परंतु मर्यादा काढून घेतल्याबरोबर खेळाची प्रकृती पालटते. मर्यादित डावात चूक झाली तर तिची किंमत ठरलेली असते आणि मनुष्य पुढल्या हातास सावरतो. अमर्याद डावात प्रत्येक चाल ही शेवटची चाल होऊ शकते, व म्हणून धैर्य, सोंग आणि भीती ह्यांस पानांहून अधिक मोल येते.

आता वाचक म्हणतील की, हा तर सर्वनाशाचा राजमार्ग झाला. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु नियम बारकाईने पाहता एक विलक्षण गोष्ट दिसून आली. अमर्याद म्हणविल्या जाणाऱ्या ह्या खेळात एक मर्यादा आहे, आणि ती अत्यंत कडक आहे. हात सुरू झाला त्या क्षणी तुमच्यापुढे पटावर जितके मांडलेले असेल तितकेच तुम्ही लावू शकता. मध्येच खिशात हात घालता येत नाही. घड्याळ काढून ठेवता येत नाही. घरी चिठ्ठी पाठविता येत नाही. इतकेच नव्हे, तर प्रतिपक्ष्याने तुमच्या ऐपतीच्या दसपट चाल केली तरी त्यामुळे तुम्हांस उठविता येत नाही. तुम्ही आपले सर्व मांडून हातात राहता. तुमच्या बरोबरीची रक्कम मूळ राशीत धरली जाते, आणि जास्त पैसेवाल्यांचे आपापसांतील वाढीव पैसे निराळ्या राशीत जातात. तिच्यावर तुमचा हक्क नाही, व तुमच्या राशीवर त्यांच्या श्रीमंतीचा दाब नाही. आपल्या बहुतेक घरगुती तीन पत्तीच्या फडांत असा बंदोबस्त नसतो. तेथे चाल देण्यास पैसे उरले नाहीत तर पाने टाकावी लागतात, नाहीतर शेजाऱ्याकडून उसने घ्यावे लागतात. आणि शेजारी ते आनंदाने देतो, ही त्याहून वाईट गोष्ट. पाने न पाहता खेळणारास निम्म्या दराने खेळू देण्याची सवलत आपण ठेविली. गरिबास त्याच्या ऐपतीपुरते बसू देण्याची मात्र कोणास सुचली नाही.

पटाचा हा नियम डोळ्यांपुढे ठेवून महाभारतातील सभापर्व पुन्हा वाचावे. लहानपणापासून आपण ऐकत आलो की शकुनीचे फासे कपटाचे होते, म्हणून धर्मराजाचा घात झाला. ते असेलही. परंतु फासे निर्दोष असते तरी त्या सभेत जे घडले ते घडले नसते असे म्हणता येईल काय? त्या खेळाचा मूळ दोष असा की त्यास पटच नव्हता. मणी गेले, सोने गेले, रथ, दासदासी, हत्ती, घोडे, गोधन गेले. मग नगर व देश गेला. मग चार भाऊ एकामागून एक, मग स्वतः युधिष्ठिर, मग द्रौपदी. प्रत्येक हरलेल्या डावानंतर आता आणखी काय आहे, हा शकुनीचा प्रश्न, आणि त्यावर युधिष्ठिराचे आणखी काहीतरी काढून देणे. त्यातही एक बारकावा आहे, तो सहसा कोणी लक्षात घेत नाही. देश पणास लावताना युधिष्ठिराने ब्राह्मणांचे धन वगळले आहे. म्हणजे पणास लावता येणार नाही अशी वस्तू जगात असते, हे त्या भरात देखील त्यास ठाऊक होते. त्याने रेषा ओढली होती. पण पत्नी त्या रेषेच्या कोणत्या बाजूस आहे हे पाहण्याचे त्यास सुचले नाही. द्रौपदीने सभेस विचारलेला प्रश्न नेमका ह्या रेषेविषयीचा आहे. स्वतःस आधी हरलेल्या मनुष्यास दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, असे ती विचारते. फासे खरे की खोटे हे ती विचारीत नाही. भीष्मासारख्या पुरुषास त्याचे उत्तर देता आले नाही. वयाने लहान असलेल्या विकर्णाने मात्र ते दिले. व्यसनात गुंतलेल्या मनुष्याने केलेले कृत्य झालेच असे धरू नये, असा त्याचा आशय होता.

दुसरी कथा आपल्या विदर्भाची. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. तिच्या माहेरचे कुंडिनपूर म्हणून अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर आजही दाखवितात. नल पुष्कराशी खेळला, राज्य हरला, आणि आता दमयंतीला लाव असे पुष्कराने हसत म्हटले तेव्हा काही न बोलता अंगावरचे अलंकार उतरून एका वस्त्रानिशी बाहेर पडला. येथवरची कथा सर्वांस पाठ आहे, व नलाचा हा संयम युधिष्ठिराच्या उलट म्हणून सांगण्याचा प्रघातही आहे. परंतु कथा येथे संपत नाही. ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून नल परत आला तेव्हा त्याने पुष्करास पुन्हा आव्हान दिले. आणि त्या एका डावावर त्याने आपण मिळविलेले सर्व धन, आपले प्राण व दमयंतीही लावली! जिला हरण्याच्या भरात त्याने लावले नव्हते तिला जिंकण्याच्या खात्रीत लावले. तो जिंकला, पुष्करास क्षमाही केली, म्हणून ही गोष्ट आपल्या डोळ्यांवर येत नाही. पण आम्हांस ती अत्यंत बोलकी वाटते. कौशल्य आले की मनुष्याची मर्यादा वाढते असे नाही. पुष्कळदा ती नाहीशी होते.

आणि म्हणूनच, खेळ बुद्धीचा असेल तर तो निर्दोष, ही आपल्या कायद्याने दीर्घकाळ धरलेली कसोटी आम्हांस अपुरी वाटते. प्राचीनांची विभागणी निराळी होती. निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत, आणि मेंढे, कोंबडे इत्यादी प्राण्यांवर पैज लावतात तो समाह्वय, असे मनूने म्हटले व राजाने दोन्ही बंद करावीत असे सांगितले. कौटिल्य व्यवहारी. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, एकाच ठिकाणी खेळण्याची सक्ती केली, अन्यत्र खेळणारास १२ पण दंड ठेविला, आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ सरकारात घेण्यास सांगितले. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात १८८७ साली जुगारबंदीचा कायदा झाला. त्यात निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते, आणि त्या अपवादातून पुढील सर्व वाद निघाला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, व तीन पानांचे खेळ निव्वळ दैवाचे म्हटले. २०१७ साली गुजरातच्या उच्च न्यायालयाने पोकर दैवाचा खेळ मानला; कर्नाटकात ह्याच्या उलट मत पडले. हा घोळ अखेर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका फटकाऱ्याने तोडला. ऑनलाईन पैशांचा खेळ, मग तो कौशल्याचा असो की दैवाचा, मना केला. मोठमोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे डाव लगोलग थांबविले. ह्या कायद्याच्या इतर बाजूंविषयी मतभेद असू शकेल. परंतु कौशल्य आणि दैव हा भेद बाजूस सारून त्याने प्रश्न योग्य जागी आणून ठेविला, असे आम्हांस वाटते. फोनवरच्या खेळात पटाचा नियम कागदोपत्री असतोच; पण हात संपताच, बोट टेकविल्याबरोबर बँकेतला पैसा पुन्हा पटावर येतो. दोन हातांमध्ये उठून घरी जाण्याएवढे अंतर असावे लागते. ते अंतर तेथे उरत नाही.

आता आमच्या जिल्ह्यांकडे वळू. येथे द्यूताचे जे रूप सर्वांस परिचित आहे ते पत्त्यांचे नव्हे, कोंबड्यांचे आहे. मनूचा समाह्वय येथे कोंबडबाजार ह्या नावाने जिवंत आहे. दिवाळीनंतर धान निघते, मंडया भरू लागतात, झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र रंगतात, शंकरपटांचे दिवस येतात. आणि त्याच सुमारास गावापासून दूर, जंगलाच्या आडोशाला, कोंबडबाजारही भरू लागतात. पोलिसांच्या धाडींच्या बातम्या हिवाळाभर वर्तमानपत्रांतून येतच असतात. त्यांत कोंबडे, लोखंडी काती, रोख रक्कम आणि दुचाक्या जप्त झाल्याचे वाचावयास मिळते. काती म्हणजे कोंबड्याच्या पायास बांधावयाचे धारदार पाते. ती बांधणे हेही एक कसब आहे, व त्यातले जाणते लोक वेगळे असतात. झुंज पुष्कळदा काही क्षणांत संपते. पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर ह्यातील क्रौर्य उघड आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे हा गुन्हाच ठरविला आहे. ज्याचा जीव पणास लागतो त्यास न विचारता तो लावणे, एवढ्यापुरती त्या कोंबड्याची आणि सभेतील द्रौपदीची स्थिती सारखीच म्हणावी लागते. ही तुलना कोणास अनुचित वाटल्यास आमचा नाइलाज आहे.

ह्या खेळाचे जुने रूप मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. बस्तरपासून आमच्या भामरागड-एटापल्लीपर्यंत गोंड-माडियांच्या आठवडी बाजारांत कोंबड्यांची झुंज ही पुष्कळ जुनी करमणूक आहे. आणि तीत रूढ पण कोणता? तर स्वतः कोंबडाच. हरलेला पक्षी जिंकणाऱ्या कोंबड्याच्या मालकाने न्यावयाचा, व रात्री त्याचे कालवण व्हावयाचे. जे रिंगणात आणले तेच गेले. रिंगणाबाहेरच्या कशासही हात लागला नाही. लास व्हेगासच्या मेजावर जो नियम लिहून ठेवावा लागला, तो ह्या अरण्यातील लोकांनी न लिहिता पाळला होता. पुढे रिंगणाभोवती बघ्यांचे कोंडाळे वाढले. कोंबडा ज्याचा नाही, झुंज ज्याची नाही, असे लोक दुरून गाड्यांवर येऊन त्यावर नोटा लावू लागले. आणि झुंजीचा बाजार झाला. पण आता कोंबड्यापुरता राहिला नाही. खेळाच्या नावातील ‘बाजार’ हा शब्द उगाच आलेला नाही.

येथे लावला जाणारा पैसा कोणाचा असतो? काही व्यापारी, ठेकेदार, पगारदार असतील. पण ज्या दिवसांत हे बाजार भरतात त्यावरूनच उत्तराचा मोठा भाग मिळतो. धान विकून हाती आलेले पैसे, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे. वर्षातून दोनदाच रोख रक्कम हाती येणारे हे प्रदेश आहेत. ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तात शेवटाकडे त्यास फासे सोडून शेती करण्याचा उपदेश केला आहे. आमच्याकडे गोष्ट उलटी झाली आहे. शेती करून झाल्यावरच फडाकडे पाय वळतात.

गणितशास्त्रात एक जुना सिद्धान्त आहे, त्याची मुळे सतराव्या शतकातील पास्कल व हायगेन्स ह्यांच्या विचारात सापडतात. दोघांचा डाव अगदी समसमान आहे असे धरा. कोणी कपट करीत नाही, अड्डेवाला आपला हिस्सा कापीत नाही. एकाजवळ १ हजार रुपये आहेत, दुसऱ्याजवळ ९९ हजार. दर फेरीस एक-एक रुपया लावून, एकजण पूर्ण नागवला जाईपर्यंत ते खेळत राहिले, तर पहिला नागवला जाण्याचा संभव शंभरांत ९९ आहे. डाव न्याय्य आहे. परंतु परिणाम जवळजवळ आधीच ठरलेला आहे. ज्याच्याजवळ थोडे आहे तो केवळ थोडे असल्यामुळे हरतो. नशीब सर्वांस सारखे, हे फडावरचे आवडते वाक्य किती फसवे आहे हे ह्यावरून दिसेल. नशीब सारखे असेल, पण थांबून राहण्याची ऐपत सारखी नसते.

ह्यावर आमचे एक शेतकरी स्नेही नेहमी एक आक्षेप घेतात, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, “सर, तुम्ही महिन्याच्या पगाराचे लोक. आम्ही दर मृगाला सगळं मातीत टाकतो आन् वर पाहत बसतो. पाणी आलं तर धान, नाही आलं तर तणस. ह्याच्याहून मोठा जुगार कोणता? कोंबड्यावर शंभराची नोट लावली तर तेवढ्यानं काय बिघडते?” हा आक्षेप आम्हांस वरवरचा वाटत नाही. पावसावरचे धान हा खरोखरच अमर्याद डाव आहे. आणि तो खेळावा की खेळू नये हे विचारण्याची सोयही कास्तकारास नाही. त्यास उठून जाता येत नाही. अशा मनुष्यास आम्ही सुरक्षित खुर्चीवरून संयमाचा उपदेश करावा, ह्यात काहीतरी विपरीत आहे खास.

परंतु दोन गोष्टी आम्ही त्यांस सांगतो. एक अशी की पावसाने नेलेले दुसऱ्या कोणाच्या घरी जात नाही. पाऊस हा प्रतिपक्षी नव्हे. तो समोर बसून आता आणखी काय आहे असे विचारीत नाही. दुसरी गोष्ट त्यांच्याच घरातली आहे. बियाण्याचे धान निराळ्या कणगीत ठेवण्याची चाल त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या आहे, व घरात अन्न नसले तरी त्या कणगीस हात लावीत नाहीत. म्हणजे ज्यास जन्मभर अमर्याद डाव खेळणे प्राप्त आहे त्यानेच पटाचा नियम सर्वांहून आधी शोधून काढला. डॅनियल बर्नुली ह्या गणितज्ञाने १७३८ साली असे प्रतिपादन केले की पैशाचे मोल मनुष्याजवळ आधी किती आहे ह्यावर अवलंबून असते. तोच रुपया श्रीमंतास हलका, दरिद्र्यास जड. कणगीतले शेवटचे बियाणे किती जड असते हे कळण्यास कास्तकारास बर्नुलीची गरज पडली नाही. शंभराच्या नोटेने काही बिघडत नाही, हे त्यांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. ती नोट कोणत्या कणगीतली, एवढेच आम्ही विचारतो. आणि येथे आमचे स्नेही विषय बदलतात.

पटाबाहेर काय ठेवावे हे ठरविण्याचे काम एकट्या व्यक्तीच्या मनोबलावर सोपवून चालत नाही. समाजाने आणि कायद्याने ते काही ठिकाणी आपल्या अंगावर घेतलेले आहे. १८७२ च्या करार कायद्याने पैजेचा करार शून्य ठरविला आहे; जिंकलेल्या पैजेच्या वसुलीचा दावा न्यायालयात चालत नाही. पुढे ठेविले ते गेले. जे पुढे नव्हते त्यासाठी न्यायालयाचे दार बंद. विकर्णाचे म्हणणे अशा रीतीने फार उशिरा का होईना मान्य झाले. मौज ही की जुगाराचे देणे ते अब्रूचे देणे अशी समजूत असल्यामुळे, ज्या देण्यास कायद्याचा आधार नाही तेच पुष्कळ लोक सर्वांआधी फेडतात आणि किराणा दुकानदारास थांबावयास सांगतात. आदिवासींच्या जमिनीच्या बाबतीत कायदा ह्याहून पुढे गेला. जमीन महसूल संहितेप्रमाणे, विशेषतः १९७४ च्या दुरुस्तीनंतर, आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीस देता येत नाही. ही तरतूद सावकारासाठी होती, जुगारासाठी नव्हे. पण तिचा परिणाम असा की जमीन पटावरून उचलली गेली. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने तर २०१३ साली आपल्या शेतजमिनी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. २००९ साली ज्या गावास आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याने चार वर्षांत आपली खाजगी शेतेही अशा जागी नेऊन ठेविली की तेथून ती एकट्या माणसाने काढून देऊ नयेत. पणाच्या दृष्टीने कोणी हा निर्णय पाहिला नसेल. आम्हांस मात्र तो त्याच दृष्टीने फार मोलाचा वाटतो.

बंदी करावी की मर्यादा घालावी, हा वादही आमच्या जिल्ह्यांस नवा नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्या अनुभवाचे ज्याचे त्याचे निष्कर्ष आहेत, व ते येथे मांडावयाचे नाहीत. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंना परवाना देणारा कायदा करून ठेविला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ साली रद्द करण्याचे ठरविले. शेजारच्या गोव्यात मांडवीवरील नौकांत मेजे रोज लागतात. ह्यावरून एवढे दिसते की राज्य कधी बंद करील, कधी उघडील, कधी शेकडा ५ घेईल. पटाची रेषा त्याच्या हातून कायमची ओढली जाईल असे मानण्यास फारसा आधार नाही.

जमिनीस कायद्याचे कुंपण आहे, बियाण्यास रूढीचे. उघडी राहतात ती घरातील रोकड, डब्यातील धान्य, आणि बाईच्या गळ्यातले चार मणी. मणी तिचे, हे स्मृतिकारांनीही म्हटले आहे आणि न्यायालयेही स्त्रीधन म्हणून मानतात. तरी फडावर ते आले तर कोणाचे, असे तेथे बसलेल्या दहा जणांपैकी कोणी विचारीत नाही. त्या सभेतही कोणी विचारले नव्हते. जिला आणले होते तिलाच विचारावे लागले. आणि त्या प्रसंगाचा शेवट पुष्कळांच्या वाचण्यातून निसटतो. अपशकुन होऊ लागले तेव्हा भ्यालेल्या धृतराष्ट्राने द्रौपदीस वर मागण्यास सांगितले. पहिल्या वराने तिने युधिष्ठिरास दास्यातून सोडविले, दुसऱ्याने उरलेल्या चौघांस त्यांच्या रथ-शस्त्रांसह. राजाने तिसरा वर देऊ केला. क्षत्रिय स्त्रीस दोनच वर सांगितले आहेत असे म्हणून तिने तो घेतला नाही. ज्या मंडपात दिवसभर आणखी, आणखी हाच शब्द घुमत होता तेथे पुरे म्हणणारी ती एकटीच. त्यानंतर गेलेले सर्व धृतराष्ट्राने परत केले, पांडव इंद्रप्रस्थाकडे निघाले, आणि वाटेतच दुसऱ्या द्यूताचे बोलावणे आल्यावर युधिष्ठिराने रथ मागे वळविला.